पालथ्या पाट्या

रविवारी चर्चमध्ये अराबाने दानपेटीत डाव्या हाताने पैसे टाकले. आमच्याकडे डाव्या हाताने कोणी कोणाला काही देत नाही, देवाला तर नाहीच. मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. माझ्या मुलीला रीत माहीत नाही असं त्यांना वाटलं असणार. मला मात्र तिचा उजवा हात दिसला. लांब बाह्यांच्या स्वेटरमध्ये बोटांच्या टोकांपर्यंत ओढून घेतलेला. ऑगस्टमध्ये एल्मिनाला हवा थंड असते, पण स्वेटर घालण्याइतकी नाही.

तेव्हापासून तो हात डोळ्यांसमोरून हलत नाही. आज दिवसभर वर्गात शिकवताना, घरी भाजी चिरताना, आता हे लिहितानाही.

उद्या मंगळवार. मंगळवारी आमच्या किनाऱ्यावर कोणी समुद्रात जात नाही. धक्क्यावर जाळी दुरुस्त होतात आणि भांडणं मिटवली जातात. उद्या बाजारराणी, म्हणजे बाजारातल्या बायकांची प्रमुख, अराबाच्या जागेचा निकाल देणार आहे. तिच्या बाजूने घरातलं कोणी शब्द टाकायला गेलं नाही, तर धक्क्यावर आमच्या बोटीची मासळी विकायची माझ्या आईची जागा दुसऱ्या बाईला मिळेल आणि अराबाला अक्राला बँकेत परत जावं लागेल. अराबा बँक सोडून आली तेव्हापासून मी देवाकडे नेमकं हेच मागत आले आहे.

अराबा म्हणजे मंगळवारी जन्मलेली. नाव वारावरून, पण स्वभावात समुद्राच्या सुट्टीचं काहीच उतरलं नाही. लहानपणी शाळेला सुट्टी लागली की ती माझ्याजवळ केप कोस्टला राहायचीच नाही. एल्मिनाला आजीकडे. परत यायची तेव्हा केसांना धुराचा वास आणि तोंडात धक्क्यावरची भाषा. एकदा आमच्या गल्लीतल्या बोफ्रोट, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळणाऱ्या बाईशी तिने एका बोफ्रोटसाठी इतकी घासाघीस केली की बाई कंटाळून म्हणाली, "घे बाई, फुकट घे, पण तुझ्या आजीला सांग मी हरले." अराबाने फुकट घेतला नाही. ठरलेल्या भावात दोन घेतले.

पुढे ती शिकली, कॉमर्स केलं, अक्राला बँकेत लागली. उंच टाचा, गार हवेची खोली, दुपारी डब्यात भात आणि कोंबडी. मी लोकांना सांगायचे, माझी मुलगी बँकेत असते. माझ्या आईने मासळीच्या पैशावर मला शिकवलं ते मी मासळीपासून लांब जावं म्हणून. मी गेले. अराबा माझ्याहून लांब गेली होती. काम पूर्ण झालं असं मला वाटत होतं.

आईच्या वर्षाची प्रार्थना झाली आणि घरची बैठक बसली. आईची, एफुआ बेदुवाची, बोट कोण घेणार? आमच्यात वारसा आईच्या बाजूने चालतो, म्हणजे आधी मी. मी म्हणाले, विकून टाका. कोपऱ्यातून अराबा म्हणाली, "मी घेते."

"काय घेतेस?"

"अबोटार."

अबोटार म्हणजे सबुरी. बोटीचं नाव. माझ्या वडिलांनी ठेवलेलं.

"बोट म्हणजे काय हँडबॅग आहे, दुकानात शिरून घेते म्हणायला?" मी म्हणाले.

माझा भाऊ हसला. "हँडबॅगेत दर खेपेला डिझेल तरी घालावं लागत नाही."

"डिझेल घालीन," अराबा म्हणाली. "मामा, तुम्ही फक्त हसा. ते फुकट आहे."

अबोटार लाकडी आहे, ना मोठी ना लहान. तिच्यावर दोन जाळी. थंड पाणी वर येतं त्या महिन्यांत, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, पर्ससीन टाकून तारलीचे थवेच्या थवे घेरायचे. बाकीच्या दिवसांत तळाशी ओढायचं जाळं. त्यात समुद्राच्या तळावर जे काही असेल ते सगळं येतं. थोडी तांबोशी, थोडं म्हाकूळ, आणि त्याच्याबरोबर ढोमे, करकरे, पाकट, वाकट्या, बोटभर लांबीची नाव नसलेली मासळी. जाळं निवड करत नाही. तांबोशीला भाव असतो, म्हाकुळाला त्याहून जास्त. बाकीची मिसळ पाटीच्या भावाने जाते.

माझी आई अख्खी बोट उचलायची. बोट घरची असली तरी मासळीत निम्मा वाटा खलाशांचा, म्हणून डेकवर जे आलं ते सगळं, चांगलं आणि मिसळ, ती एकाच बोलीत विकत घ्यायची. त्यातलं चांगलं ती शहरातल्या व्यापाऱ्यांना विकायची आणि मिसळ धुरी देणाऱ्या बायकांना, उधारीवर. त्या मासळीला धूर देऊन बाजारच्या दिवशी विकायच्या आणि मग आईचे पैसे द्यायच्या. कधी द्यायच्या, कधी अर्धेच द्यायच्या. लहानपणी मी आईला विचारलं होतं, नुसती तांबोशी का घेत नाहीस? ती म्हणाली होती, "मग उरलेलं कोण घेईल, तुझा मास्तर?"

अराबाने आल्याबरोबर हेच विचारलं, पण बँकेत शिकल्यासारखं. बोटीच्या पोटात जागा किती, बर्फ किती, त्यातला किती बर्फ मिसळ मासळीवर जातो आणि तिचे किती मिळतात. उत्तर वाईट आलं. निम्मा बर्फ अशा मासळीवर जात होता जी जेमतेम स्वतःच्या बर्फाचे पैसे काढत होती, आणि तेही उधार. मग तिने तेमाचा एक माणूस शोधला, लॅम्प्टी नावाचा. परदेशी पाठवण्यासाठी तांबोशी आणि म्हाकूळ घ्यायचा. आकाराप्रमाणे भाव, धक्क्यावर रोख. अराबाने तांडेलाला सांगितलं, हे दोनच आणा, बाकीचं ज्या बोटीला हवं तिला समुद्रातच देऊन टाका. चांगल्या मासळीवर खलाशांना वर बक्षीस.

तांडेल एबो माझ्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला. एक सोन्याचा दात आणि सतत थट्टा. बक्षीस म्हटल्यावर त्याने जास्त विचार केला नाही. बोट लहान, बर्फ थोडा. तांबोशीला जागा हवी तर दुसऱ्या कशाची तरी जागा जाणार. मिसळ मासळी जाळ्यातून काढली की खलाशी ती परत पाण्यात लोटायला लागले. मेलेलीच असायची ती.

पहिलं वर्ष फार छान गेलं. बोटीला नवा रंग, नव्या बर्फपेट्या, खलाशांच्या पायात नवे बूट. मला तिने फ्रीज आणून दिला. मी शनिवारी आठवड्याची मासळी घ्यायला एल्मिनाला जाते, तेव्हा धक्क्यावर लोक तिला मॅडम म्हणताना ऐकायचे आणि मला बरं वाटायचं, हे मी नाकारत नाही. वाटायचं, निदान ही आजीसारखी उधारीच्या मागे फिरत तरी नाही.

अशाच एका शनिवारी मी तिथे होते. अबोटार लागली. त्सेवा पाटी घेऊन पुढे आली. त्सेवा धुरीवाल्या बायकांमधली मोठी, आईच्या वेळची, जाड आवाजाची.

"तांडेलदादा, आमची पाटी भरा."

"त्सेवा, तुझी मासळी आज पाण्यातच राहिली," एबो वरून ओरडला. "तिला पोहायला जास्त आवडतं म्हणे."

सगळे हसले. त्सेवाही हसली. "मग तुझ्या बायकोला निरोप धाडते. म्हणावं, आज चुलीवर नुसतं पाणी चढव, नवरा पोहून येतोय."

अराबा पुढे झाली. "मावशी, पुढच्या खेपेला बघू ना."

"मला नको सांगूस पोरी. माझ्या भट्टीला सांग. लाकूड आणून ठेवलंय, ते सकाळपासून विचारतंय."

तिचा आवाज थट्टेचाच होता. पण पाटी डोक्यावर ठेवताना तिने ती नीट बसवली नाही, नुसती आपटली. गाडीत मी अराबाला विचारलं, "सगळी फेकली?"

"आई, करकऱ्याच्या पिल्लांवर बर्फ घालायचा आणि तांबोशी मऊ पडू द्यायची, असं म्हणणं आहे का तुझं?"

माझं तसं काही म्हणणं नव्हतं. तिचं गणित मला बरोबर वाटलं. आजही मला त्यात चूक दाखवता येत नाही. फक्त ते गणित ओढजाळ्याच्या महिन्यांचं होतं. वर्षात दुसरेही महिने असतात.

ते महिने या जुलैत आले. पाणी थंड झालं, ओढजाळं उतरलं, पर्ससीन चढलं. सुरुवातीला तारली विरळ होती आणि पाट्या हातोहात जात होत्या, म्हणून कोणाच्या काही लक्षात आलं नाही. गेल्या शनिवारी थवा सापडला. सगळ्यांनाच सापडला. बोटी एकामागून एक आत शिरल्या, प्रत्येक पोटापासून डेकपर्यंत भरलेली, वर चकाकणारी तारली. अशा दिवशी भाव पडतो. पडणारच. अशा दिवशी कोणाकडे किती मासळी आहे याला अर्थ नसतो, कोणाची मासळी आधी भट्टीवर चढते याला असतो. तारली दुपारपर्यंत टिकत नाही. तिचं पोट फुटतं.

माझ्या आईच्या वेळी अशा दिवशी त्सेवा आणि तिच्याबरोबरच्या बायका आधी अबोटारची मासळी उचलायच्या. शेजारच्या बोटीवर स्वस्त मिळत असली तरी. वर्षभर मिसळ मासळी उधार देणाऱ्या बाईला त्या दिवशी भट्टी मोकळी ठेवायची, हे कोणी कागदावर लिहिलं नव्हतं.

अबोटार धक्क्याला लागली तेव्हा बायका ओळीने उभ्या होत्या. अराबा भाव सांगायला पुढे गेली. त्सेवाने पाटी डोक्यावरून काढली, जमिनीवर पालथी घातली आणि तिच्यावर बसली. मग तिच्या शेजारची. मग पुढची. ॲल्युमिनियमचे आवाज ओळीच्या शेवटापर्यंत गेले.

पाटी पालथी घालून बाई तिच्यावर बसली की तिच्याशी भावाचं बोलता येत नाही. कमी करूनही नाही. मी लहान असताना एकदाच हे पाहिलं होतं. तो बोटवाला नंतर सेकोंडीला निघून गेला.

अराबा त्या ओळीसमोरून चालत गेली. एकेकीला नावाने हाक मारली. कोणी तिला टाकून बोललं नाही, शिवी दिली नाही. दुसऱ्या बोटींकडे दुसऱ्या बायका धावत होत्या, ओरडत होत्या, आणि ही एवढी ओळ गप्प. तिने लॅम्प्टीला फोन लावला. तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तारलीचं मी काय करू?"

शेवटी ती त्सेवासमोर येऊन उभी राहिली. "मावशी, काहीतरी बोला तरी."

"काय बोलू?" त्सेवा म्हणाली. "वर्षभर तुझ्या बर्फात आमच्या मासळीला जागा नव्हती. आज माझ्या भट्टीत नाही. तुझं शिक्षण जास्त, तूच सांग काय चुकलं."

मी मागे उभी होते, हातात पिशवी. माझ्या मनात आलं ते लिहून ठेवते. मनात आलं, आता येईल घरी.

ऊन चढलं. वरच्या थरातली मासळी मऊ पडायला लागली. कोंबडीखाद्यवाल्याचा ट्रक आला, त्याने जे द्यायचं ते दिलं आणि निम्मी भरून नेली. खलाशी कठड्यावर बसून बघत होते. आमच्याकडे पगार नसतो. डिझेल वजा करून जे उरतं त्यात अर्धं बोटीचं, अर्धं माणसांचं. त्या दिवशी वाटण्यासारखं काही उरलं नाही. एबोची थट्टा बंद होती. तो अराबाला एवढंच म्हणाला, "बाई, माझी पोरं वाट्यावर जगतात. पुन्हा असं झालं तर मासळी विकायला मला दुसरी बाई शोधावी लागेल."

मला वाटलं संपलं. मी केप कोस्टला परत आले. अराबाने मात्र उरलेली तारली टेम्पोत घालून आजीच्या घरी नेली. परसात आजीच्या भट्ट्या आहेत, मातीच्या, दोन वर्षं थंड. त्या तिने एकटीने पेटवल्या. धुरीच्या जाळ्या तापल्या की एकावरची खाली आणि खालची वर करायच्या असतात, आणि त्या कुठे धरायच्या हे हाताला माहीत असावं लागतं. तिच्या हाताला माहीत नव्हतं.

रविवारी चर्चच्या आवारात मी तिला झाडाखाली थांबवलं.

"हात दाखव."

"कशाला? माझं नशीब बघायचंय?"

"अराबा."

तिने बाही वर केली. तळहातावर फोड, मनगटापर्यंत लाल. त्यावर मध लावला होता.

"दवाखान्यात चल."

"जाऊन आले. त्यांनीही एवढंच केलं, फक्त मधाऐवजी मलम."

मी म्हणाले, "बँकेत अजून जागा आहे. मी विचारलं होतं."

"माहीत आहे. त्यांनी मला फोन केला. म्हणाले, तुमच्या आईंनी चौकशी केली, कधी येताय?"

लोक हात मिळवत, हसत बाहेर पडत होते. मग ती खाली बघत म्हणाली, "आई, आजीला मिसळ मासळीत तोटा व्हायचा. बऱ्याच वेळा. मला वाटायचं तिला हिशोब येत नाही. ती त्या बायकांच्या भट्ट्या वर्षभर पेटत्या ठेवत होती. म्हणजे जुलैत त्या तिच्यासाठी पेटलेल्या असायच्या. तांबोशीच्या पैशातून तिने ते भागवलं. मीही भागवू शकते. लॅम्प्टीला तांबोशी द्यायची ती द्यायची, पण अख्खी बोट उचलून."

"मग हे त्यांना सांग."

"मी कशी सांगणार?" ती माझ्याकडे बघून म्हणाली. "चूक माझी आणि माफी माझ्याच तोंडाने?"

बरोबर होतं. आमच्यात ज्याने दुखावलं तो स्वतः माफी मागत नाही. तो कितीही गोड बोलला तरी ते ऐकायचं नसतं. त्याच्या घरातलं मोठं माणूस पुढे जातं, दुखावलेल्यांच्या दारात त्याच्यासाठी हात जोडतं, आणि शब्द त्या माणसाच्या तोंडचा धरला जातो. पुढे पुन्हा चूक झाली तर लाज त्याच्या पदरी. अराबाच्या बाबतीत ते माणूस माझी आई असती. ती नाही. मामा पुरुष, आणि हा धुरीवाल्या बायकांचा मामला. राहिले मी.

तू जा ना, असं ती म्हणाली नाही. जाते, असं मीही म्हटलं नाही. मी तिला घरी चल म्हणाले, ती नको म्हणाली, भट्टीवर मासळी आहे.

आज सोमवारी मधल्या सुट्टीत तांडेल एबो शाळेच्या फाटकाशी आला. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात चार बांगडे.

"बाई, हे मुलांसाठी."

"माझ्याकडे आता मुलं नाहीत एबो. एकच आहे, ती तुमच्याकडे आहे."

त्याचा सोन्याचा दात दिसला नाही. "तिच्याचसाठी आलोय. सकाळी आम्ही लागलो. थवा नव्हता. आलं ते सगळं अठरापगड, थोडा बांगडा, बारकी मांदेली, वाकट्या. मी म्हटलं आज ही येत नाही. आली. हाताला फडकं बांधून. अख्खी बोट उचलली बाई, भाव पाडून नाही मागितला. पाट्या भरून ओळीत लावल्या आणि बसली."

"मग?"

"बायका पाट्या पालथ्या घालून समोर बसल्या. ही सरळ पाट्यांमागे. पोरं हसायला लागली, म्हणाली एबो, हे लग्न आहे की मयत? एका बाईचं लेकरू रांगत हिच्या पाटीपाशी आलं, त्याने एक मांदेली उचलली. त्याच्या आईने ओरडून टाकायला लावली. अराबा दुपारपर्यंत तशीच बसली होती."

"आणि तुम्ही?"

"मी काय?" त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मासळी लोटून द्या असं पोरांना मीच सांगत होतो. बक्षीस मलाही मिळत होतं. माझा शब्द तिथे चालत नाही, मी त्याच बोटीचा. उद्या बाजारराणीच्या ओसरीवर बसणार आहेत. तिथे जागा काढून घेतील. कोणाला देतील ते ऐकलं का? अक्राहून एक बाई आली आहे, तिला. तिच्याकडे लॅम्प्टीचं कार्ड आधीच आहे, म्हणजे मिसळ पुन्हा पाण्यातच."

"त्सेवाला हे माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे. पण पाटी पालथी घातली ती घातली. कोणी विचारल्याशिवाय सरळ कशी करणार?"

"अराबाने तुम्हाला पाठवलं?"

"छे." तो पहिल्यांदा थोडा हसला. "ती म्हणते, आईला सांगू नकोस, माझी जागा गेली तर आईला आनंद होईल. तसंच काहीतरी म्हणाली." मग त्याला वाटलं जास्त बोललो. बांगडे माझ्या हातात देऊन तो गेला.

बांगडे मी शिजवले, पामतेलात, टोमॅटो घालून. आंबवलेल्या मक्याच्या केंकीबरोबर खायला बसले आणि अर्धे तसेच राहिले.

मी गप्प राहिले तर मला हवं ते होईल. कोणी मला दोष देणार नाही, बेदुवाची मुलगी शहरात राहते, तिला काय कळतं, एवढंच म्हणतील. अराबा अक्राला जाईल. दर महिन्याला पैसे पाठवेल. रविवारी कधी आली तर दानपेटीत उजव्या हाताने पैसे टाकेल, आणि तिच्यासाठी मी कोणाच्या दारात गेले नाही याबद्दल मला एक शब्दही बोलणार नाही. तिने तसं कधी बोललेलं नाही. तिच्या त्या न बोलण्याची मला धुरापेक्षा जास्त भीती वाटते.

दुसरीकडे, मी शब्द टाकला तर मी तिला कशात ढकलते आहे हेही मला माहीत आहे. समुद्रात मासळी कमी होत चालली आहे. आईच्या वेळी तारली गुडघाभर असायची असं म्हातारे सांगतात, त्यात थोडी बढाई असेल, पण सगळी बढाई नाही. मिसळ मासळी दर वर्षी अजून बारीक. अख्खी बोट उचलणारी बाई म्हणजे सगळ्या समुद्राचा वाईट दिवस स्वतःच्या डोक्यावर घेणारी बाई. माझी आई ते करू शकली तेव्हा समुद्र उदार होता. अराबाच्या वाट्याला तो तसा नसेल. कदाचित दहा वर्षांनी धक्क्यावर उचलायला काहीच नसेल आणि तेव्हा बँकेचं दार बंद झालेलं असेल. आई म्हणून मला हेच आधी दिसतं. चांगलं काही दिसायला मला वेळ लागतो.

पण आज सकाळी कोणी काही कबूल केलं नव्हतं, समोर सगळ्या पालथ्या पाट्या होत्या, आणि तरी तिने वाकट्यांसकट सगळं उचललं. तोटा होणार हे माहीत असून, फडकं बांधलेल्या हाताने. ती मला दाखवण्यासाठी बसली नव्हती, मी तिथे नव्हतेच. त्या बायकांनाही तिने काही विचारलं नाही. ती फक्त तिथे होती, जशी असायला हवी होती गेलं वर्षभर. आणि त्सेवाच्या घरी लाकूड तसंच पडून आहे. उद्या जागा अक्राच्या बाईला गेली तर ते तसंच राहील. पाट्या सरळ व्हायला दोन्हीकडून कोणीतरी अडून बसलं आहे, आणि मधली जागा माझी आहे.

अशा वेळी दारात जायचं असतं, मानाची दारूची बाटली घेऊन, अनवाणी. पण आधी विचारावं लागतं की येऊ का. बाजारराणी एतुआ, मानाने नाना एतुआ, भट्टीवाली आहे, तांबडं फुटायच्या आत ती उठते आणि ओसरी झाडते. तिचा नंबर माझ्याकडे आहे. आईच्या मयताच्या वेळी घेतला होता, त्यानंतर कधी लावला नाही.

ती झाडू ठेवेल तेव्हा मी फोन करणार आहे. ती आधी विचारेल, कोण, आणि मी शिक्षिका म्हणून ओळख सांगणार नाही. म्हणेन, नाना, मी एफुआ बेदुवाची मुलगी. माझ्या लेकीसाठी तुमच्या ओसरीवर यायचं आहे. येऊ का?